हूडवाला स्कार्फ, दोन खिशांचा: हूड घसरतो आणि खिसे लोंबतात, काय करू?

लोकरगुंडा

नमस्कार. ताईसाठी क्रोशाचा हूडवाला स्कार्फ करतेय, दोन्ही टोकांना खिसे असलेला. ताई पहाटे फिरायला जाते आणि येताना बोटं बाहीत ओढून घेतलेली असतात, हे मी कित्येक वर्षं बघतेय. हातमोजे तिच्याकडे टिकत नाहीत. किल्ली काढायची, फोन घ्यायचा, म्हणून काढून ठेवते आणि मग त्यातला एकच सापडतो. म्हटलं, डोकं, कान, गळा, हात, सगळ्यांची सोय एकाच वस्तूत करावी.

लोकर मध्यम जाडीची, राखाडी, सुई ५.५ मिमीची. रुंदीला २८ अर्धे खांब (खांब म्हणजे क्रोशाचा उंच टाका, अर्धा खांब त्याहून बुटका), म्हणजे साधारण २२ सेंमी. दोन्ही टोकं १८ सेंमी वर दुमडून बाजू शिवल्या, त्यानंतर लांबी १८० सेंमी राहिली. हूड वेगळा विणला: ६६ बाय २६ सेंमीचा आयत, मधोमध दुमडून मागून शिवला आणि स्कार्फच्या मध्यावर जोडला.

घालून बघितला तर तीन गोष्टी खटकल्या. मान वळवली की हूड मागे जातो. डोक्यामागे शिंगासारखं टोक येतं. आणि खिशात फोन आणि किल्ल्या घालून अर्धा तास घरात वावरले, तर ती बाजू ४ सेंमी लांब झाली. द्यायला अजून तीन आठवडे आहेत, उसवायची तयारी आहे. ताईला यातलं काही माहीत नाही.

साडेपाचची सुई

अर्धे खांब घेतलेत हे छान केलंत. दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखे दिसतात, त्यामुळे टोक दुमडल्यावर खिशावर उलटी बाजू आली तरी नजरेत येत नाही. उठावाचे, म्हणजे एका बाजूने फुगीर दिसणारे खांब घातले असते तर खिसा परक्यासारखा दिसला असता.

खिसे लोंबणारच. सगळं वजन गळ्यापासून खाली लटकतं आणि वीण ताणत जाते. दोन गोष्टी करा. स्कार्फच्या लांब कडांवरून, हूडची जोडणी वगळून, स्लिप स्टिचची, म्हणजे सगळ्यांत बुटक्या टाक्याची, एक ओळ फिरवा. स्लिप स्टिच फारशी ताणली जात नाही, कडेला दोरी ओवल्यासारखा आधार मिळतो. दर ४ ओळींमागे साधारण ५ टाके पडू द्या. कड आकसायला लागली तर टाके आवळले गेलेत असं समजा आणि तेवढं उसवून सैल घाला.

दुसरं, खिशाला सुती कापडाचं अस्तर लावा. खांबांच्या फटीतून किल्लीचं टोक बाहेर येतं आणि एकदा धागा अडकला की तिथे भोक मोठं होत जातं. अस्तराची पिशवी खिशाच्या तोंडाला शिवताना मागच्या बाजूने स्कार्फच्या अंगालाही टाके घ्या, म्हणजे भार एकट्या खिशाच्या काठावर येत नाही. कापड आधी धुऊन घ्या, नाहीतर नंतर ते आटेल आणि खिसा चुरगळेल.

आणि अॅक्रिलिक लोकर असेल तर सारखं करण्यासाठी गरम इस्त्री टेकवू नका. वीण कायमची लुळी पडते.

नवशिकी

मध्येच विचारते, माफ करा. मीही असाच एक करतेय, इंग्रजी पॅटर्नवरून. ओळी त्यात सांगितल्या तेवढ्याच झाल्या, पण लांबी निम्मीच भरलीय. टाके मोजून मोजून घातलेत.

साडेपाचची सुई

पॅटर्न अमेरिकन आहे की ब्रिटिश ते बघा. अमेरिकन सिंगल क्रोशे म्हणजे आपला मुका खांब, आणि त्यालाच ब्रिटिश पद्धतीत डबल क्रोशे म्हणतात. अमेरिकन डबल क्रोशे म्हणजे आपला खांब. तुमचा पॅटर्न अमेरिकन असेल तर तुम्ही खांबाच्या जागी मुके खांब घातले असणार, ते साधारण निम्म्या उंचीचे असतात.

उसवून पुन्हा

शिंगाचं सोपं आहे. हूड उलटा करा, टोक सपाट दाबून त्रिकोण करा आणि टोकापासून ४-५ सेंमी आत शिवणीला आडवी शिवण घाला. त्रिकोण आतच राहू द्या, दोन टाक्यांनी मागच्या शिवणीला धरून ठेवा. कापू मात्र नका, कापलेला क्रोशा निसटत जातो.

हूड घसरण्याबद्दल एक विचारते. तुम्ही तो कोणाच्या डोक्यावर घालून बघितलात? ताईंचे केस केवढे आहेत?

लोकरगुंडा

माझ्याच डोक्यावर. माझे केस मानेपर्यंत आहेत. ताईचे कमरेपर्यंत, आणि ती कायम अंबाडा घालते. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं!

उसवून पुन्हा

मग २६ सेंमी खोली तिला अजिबात पुरणार नाही. अंबाडा हूडला मागे ढकलत राहील आणि पुढची कड कपाळावरून सरकेल. मागची शिवण उसवून तिथे खोली वाढवा, आणि चेहऱ्याच्या कडेला ५ मिमीच्या सुईने पुढून-मागून खांबांचा, म्हणजे एक उठाव पुढे, एक मागे असा, ३ ओळींचा काठ घाला. तो चेहऱ्याला धरून बसतो. हूडची खालची कड स्कार्फला जोडताना थोडी गोळा करून घ्या, ५२ सेंमीची ४५ करा. गळ्याशी सैल राहिला तर वरून कितीही घट्ट केलात तरी उपयोग नाही.

लोकरगुंडा

काल ताईचे केस विंचरून दिले. अंबाडा घातला आणि हातातला लोकरीचा तुकडा कपाळापासून अंबाड्याच्या मागच्या टोकापर्यंत धरून तिथे गाठ मारली. ती म्हणाली, "काय चाललंय गं?" म्हटलं, पिन शोधतेय. घरी येऊन टेप लावला तर ३१ सेंमी! म्हणजे काठाचे ३ सेंमी धरले तरी माझा हूड २ सेंमी कमीच होता.

मागची शिवण उसवून दोन्ही कडांना ४-४ ओळी वाढवल्यात. आता खोली ३० आहे, काठ धरून ३३ होईल, २ सेंमी मोकळे राहतील. टोक आत शिवलं, बाहेरून कळतही नाही. अस्तराला माझ्या जुन्या सुती ओढणीचं निळं कापड घेतलंय, ती ओढणी ताईला फार आवडायची. एका खिशाला लावून त्यात फोन घातला आणि स्कार्फ रात्रभर दाराच्या कडीला टांगून ठेवला. सकाळी मोजला, १८०.

दुसरा खिसा आणि चेहऱ्याचा काठ राहिलाय. एकाच लॉटचा, म्हणजे एकदमच रंगवलेला, दीड गुंडा शिल्लक आहे, तेवढा पुरेल.