स्टोनवेअर कंदिलात सोलर दिवा: उजेड टिकत नाही, आणि तिन्हीसांजेला दिवा उघडझाप करतो

चाकावरची:

बागेतल्या वाटेच्या कडेला ठेवायला स्टोनवेअरचे (जास्त तापमानाला भाजलेल्या घट्ट मातीचे) कंदील करतेय. चाकावर काढलेलं गोलसर अंग, उंची वीतभर, अंगाला कोरलेली भोकं आणि वर झाकण. मेणबत्तीसाठी असे कंदील मी करत आलेच आहे, पण मेणबत्ती वाऱ्यात टिकत नाही आणि आतली भिंत काजळीने काळी होते. म्हणून सोलरकडे वळले.

बागेत लावायचा एक तयार सोलर दिवा उघडून त्यातला ऐवज वापरलाय: २ व्होल्ट, ४० मिलिअँपिअरचं गोल पॅनेल, १.२ व्होल्टचा ६०० एमएएच (मिलिअँपिअर-तास, म्हणजे सेलची साठवण) निकेल मेटल हायड्राइड सेल, चार पायांची चिप, एक कॉइल आणि एक पांढरा एलईडी. पॅनेल झाकणाच्या माथ्यावर खोलगट जागेत बसवलंय. लांबून ते दिसू नये म्हणून भोवती २ सेंटिमीटर उंचीचा काठ ठेवलाय. सेल आणि सर्किट झाकणालाच आतून चिकटवलेत. आतून पांढरं ग्लेझ (भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप), बाहेरून गडद तपकिरी.

आता अडचणी. दिवसभर लख्ख ऊन असलं तरी दिवा अडीच-तीन तासांत मंदावतो. मला तो निदान झोपायच्या वेळेपर्यंत हवाय, जमलं तर पहाटेपर्यंत. तिन्हीसांजेला दिवा लागतो, विझतो, पुन्हा लागतो, पुन्हा विझतो, आणि पुरता अंधार पडल्यावरच स्थिरावतो. शिवाय सकाळी झाकण उचललं की आत दव धरलेलं असतं. सेलच्या टोकांवर पांढरट-हिरवट पूडही जमायला लागली आहे. सेलमधून ओढला जाणारा करंट मोजला, तो ६० मिलिअँपिअर आहे.

झाकण सगळीकडून सिलिकॉनने बंद करून टाकू का? मग सेल बदलायचा कसा, तेही सुचत नाहीये. माती कळते, सोल्डरिंग जुजबी येतं.

सोल्डरवाला:

१.२ व्होल्टच्या एका सेलमध्ये फार दम नसतो. १८६५० लिथियम सेल घ्या, ५ किंवा ६ व्होल्टचं पॅनेल आणि चार्जिंग मॉड्यूल लावा. रात्रभर लखलखीत उजेड मिळेल. उघडझाप थांबवायला वेगळा एलडीआर (उजेड ओळखणारा सेन्सर) बसवा.

भट्टीकर:

मी कंदीलही करतो आणि त्यातलं सोल्डरिंगही. त्यामुळे जरा लांबीने लिहितो.

आधी झाकणाचं. सिलिकॉनने कायमचं बंद करू नका. १२०० अंशांच्या वर भाजलेलं तुमचं भांडं पुढच्या पिढ्या वापरतील. आतला सेल मात्र काही वर्षांत संपणार, हे आजच माहीत आहे. सेल काढता येत नाही एवढ्याच कारणासाठी चांगला कंदील अडगळीत जावा, हे मला अजिबात पटत नाही. माझा तर नियमच आहे: मातीला विजेचं काहीही कायमचं चिकटवायचं नाही. पॅनेल, सेल, सर्किट, सगळं हाताने निघालं पाहिजे.

लिथियमने उजेड वाढेल हे खरं, पण या कंदिलात मी तो घालणार नाही. गडद ग्लेझचं बंद भांडं उन्हात चांगलंच तापतं, आणि लिथियम-आयन सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये हा सर्वसाधारण दंडक आहे. चार्जिंग नेमकं भर उन्हातच होतं. जास्त उजेड हवाच असेल तर ३.२ व्होल्टचा लिथियम आयर्न फॉस्फेट सेल घ्या, तो उष्णता बरीच सोसतो. पण त्याचं चार्जिंग ३.६५ व्होल्टला थांबावं लागतं, १८६५० साठीचं ४.२ व्होल्टचं मॉड्यूल त्याला लावू नका. वाटेकडेच्या कंदिलाला मात्र तुमचा साधा सेल पुरतो. कमी पडतंय ते वेगळंच काही.

हिशेब मांडून बघा. पॅनेल ४० मिलिअँपिअरचं. कडक उन्हाचे ५ तास धरले तर २०० एमएएच. या सेलमध्ये चार्ज करताना पाव हिस्सा तरी वाया जातो, म्हणजे हाती १५० उरले. तुमचा दिवा तासाला ६० खातो. १५० भागिले ६०, अडीच तास. तुमचे अडीच-तीन तास आले ते इथूनच. सेल ६०० एमएएचचा असला तरी तो कधी भरतच नाही. त्यामुळे मोठा सेल घालूनही काही फरक पडणार नाही.

आधी खर्च कमी करा. तुमच्या चार पायांच्या चिपमध्ये (बहुधा क्यूएक्स ५२५२ किंवा तिच्याच जातीची) एलईडीचा करंट कॉइल ठरवते. कॉइलचे मायक्रोहेन्री (तिच्यावर छापलेलं इंडक्टन्सचं माप) दुप्पट केले की करंट साधारण निम्म्यावर येतो. सेलवरचा भार ३० वर आणा. करंट निम्मा झाला म्हणून डोळ्याला उजेड निम्मा दिसत नाही, आणि अंधारात कोरीव भोकांमधून येणारा थोडा उजेडही भरपूर वाटतो. मग पॅनेल ८० मिलिअँपिअरचं आणि सेल ८०० एमएएचचा घ्या. ५ तासांचे ४००, त्यातले हाती ३००, भार ३०: दहा तास. सेलच्या क्षमतेच्या दहाव्या भागाइतका चार्जिंग करंट असला की सेल भरल्यानंतरही ऊन चालू राहिलं तरी त्याला फारसा त्रास होत नाही. म्हणून ८० ला ८०० ही जोडी.

आणि तो काठ काढा. सूर्य क्षितिजापासून ३० अंशांवर असताना २ सेंटिमीटरच्या काठाची सावली साडेतीन सेंटिमीटर लांब पडते. पॅनेलकडे जवळून बघा, चार पट्ट्या दिसतील. प्रत्येक पट्टी साधारण अर्ध्या व्होल्टची, आणि चारही एकापुढे एक जोडलेल्या. त्यातली एक सावलीत गेली की बाकी तिघी उन्हात असूनही करंट तिच्याइतकाच मिळतो. सकाळ-संध्याकाळचे कितीतरी तास तुमचा काठ खातोय. पॅनेल झाकणाच्या सर्वांत वरच्या पातळीला असू द्या, आणि थोडं तिरकं: उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे, दक्षिण गोलार्धात उत्तरेकडे. तिरकेपणामुळे पावसात धूळही धुऊन जाते. काळं पॅनेल उघडं दिसतं म्हणून वाईट वाटून घेऊ नका. गडद तपकिरी झाकणावर ते छान मिसळतं.

उघडझापीला एलडीआरची गरज नाही. इथे पॅनेलच डोळ्याचं काम करतं: त्याचा व्होल्टेज पडला की चिप दिवा लावते. तुमच्या झाकणात पॅनेलभोवती फट असणार. आतला उजेड पांढऱ्या ग्लेझवरून उसळून त्या फटीतून पॅनेलपर्यंत पोचतो. मग चिपला वाटतं उजाडलं, दिवा विझतो. विझला की पुन्हा अंधार, पुन्हा लागतो. संध्याकाळी एकदा पॅनेलच्या मागच्या बाजूला आणि कडेने काळी टेप लावून बघा. उघडझाप थांबली तर कारण हेच. जवळची पांढरी भिंत किंवा शेजारचा दुसरा कंदीलही असं करू शकतो.

आता दव. पुरतं बंद भांडं कुठे ना कुठे श्वास घेतंच, आणि मग आत गेलेला ओलावा बाहेर पडत नाही. त्यापेक्षा हवा खेळू द्या. बुडाला ८-१० मिलिमीटरची दोन-तीन भोकं, पायाच्या कडीला खाचा म्हणजे पाणी साचणार नाही, आणि झाकणाच्या वळचणीखाली बारीक झरोके. झाकणाच्या कडेला खालून एक खोल रेघ ओढा, म्हणजे पाणी तिथेच ठिबकतं, आत ओघळत नाही. सेल आणि सर्किट मात्र फिरकीच्या झाकणाच्या एका छोट्या काचेच्या बरणीत घाला आणि बरणी तोंड खाली करून बुडावरच्या तीन मातीच्या ठोकळ्यांवर ठेवा. पावसाचं पाणी वरून ओघळून जातं, आणि बुडाशी सेल सर्वांत थंड राहतो. पॅनेलची तार दोन पिनच्या कनेक्टरने जोडा. सेल बदलायचा तर झाकण उचला, बरणी काढा, फिरकी उघडा. टोकांवरची पूड व्हिनेगरच्या बोळ्याने पुसून कोरडी करा, पण ज्या सेलमधून ती आली तो सेल आता वापरू नका.

अंधुकउजेड:

भट्टीकरांचं सगळं मान्य, फक्त एक भर. एलईडीसुद्धा त्या बरणीत बुडाशी राहिला तर भोकांमधून उजेड वर आकाशाकडे जाईल, वाटेवर पडणार नाही. एलईडी दोन लांब तारांवर कंदिलाच्या खांद्याच्या उंचीला न्या, तोंड खाली करून. भोकं पाडताना ती आतून बाहेर उतरती पाडा. उजेड जमिनीवर येतो, डोळ्यांत जात नाही, आणि पाऊसही भोकातून आत शिरत नाही. पारदर्शक आवरणाचा एलईडी घ्या, दुधी नको. उजेडाचा उगम जितका बारीक तितकी जमिनीवरची नक्षी रेखीव उमटते. रंगात २७०० केल्व्हिनचा पिवळसर एलईडी तपकिरी ग्लेझला शोभतो, निळसर पांढऱ्याने भांडं मेल्यासारखं दिसतं.

चाकावरची:

काळी टेप लावली, उघडझाप बंद! मनापासून आभार. आता नवं झाकण काढायला बसतेय. ८० मिलिअँपिअरचं पॅनेल ७० मिलिमीटर व्यासाचं मिळालं. ओल्या मातीत त्याची जागा किती ठेवू? माझी माती भाजून १२ टक्के आकसते. आणि भोकं ग्लेझने बुजतात, त्यावर काय करता?

भट्टीकर:

एलईडी वर नेण्याचं अंधुकउजेड यांचं म्हणणं बरोबर आहे, तसंच करा. तारा बरणीच्या फिरकीतून बाहेर काढा म्हणजे काचेला भोक पाडावं लागत नाही. फिरकीतल्या भोकाला थोडं न्यूट्रल क्युअर सिलिकॉन लावा. आंबट वासाचं सिलिकॉन नको, त्यातून ॲसेटिक ॲसिड सुटतं आणि तांबं खातं.

पॅनेलभोवती प्रत्येक बाजूला २ मिलिमीटर मोकळे हवेत, कारण उन्हात प्लॅस्टिक मातीच्या कितीतरी पट फुगतं. घट्ट बसवलं किंवा सुपरग्लूने चिकटवलं तर आज ना उद्या सुटतं, नाहीतर तडकतं. म्हणजे भाजल्यावर जागा ७४ हवी. ७४ भागिले ०.८८, ओल्या मातीत ८४ मिलिमीटर. पण १२ टक्क्यांचा आकडा पिशवीवरचा असेल तर त्यावर विसंबू नका. त्याच मातीच्या पट्टीवर १०० मिलिमीटरची रेघ ओढा, तुमच्याच भट्टीत भाजा आणि मोजा. पॅनेल बसवताना चार ठिकाणी सिलिकॉनचे थेंब द्या, सगळीकडून सलग रेघ नको. पातळ पात्याने कापून ते पुन्हा काढता येतं. उजेडाची फट काळ्या फोमच्या कडीने बुजवा.

भोकं माती चामड्याइतकी घट्ट झाल्यावर पाडा, ड्रिलचं पातं हातात धरून फिरवत. आतल्या बाजूला निघालेला चुरा तेव्हाच पुसू नका, पुसला की तो भिंतीला लिंपला जातो. पूर्ण वाळू द्या, मग कोरड्या ब्रशने झटका. ४ मिलिमीटरपेक्षा बारीक भोकं ग्लेझ हमखास बुजवतं, म्हणून ओली असताना ५-६ ची पाडा. बिस्कनंतर (ग्लेझआधीच्या पहिल्या भाजणीनंतर) भोकांच्या कडांना मेण लावा, ग्लेझमध्ये बुडवा, आणि जिथे पडदा धरलाय तिथे लगेच जोरात फुंकर मारा. दोन भोकांमध्ये निदान एका भोकाच्या रुंदीइतकी माती राहू द्या, नाहीतर वाळतानाच चीर एका भोकातून दुसऱ्यात धावते.

झाकण वाऱ्याने उडू नये म्हणून आतून तीन दात काढा आणि तोंडाच्या कडेला त्यांच्या मापाच्या तीन खाचा. थोडं फिरवलं की अडकतं, उलट फिरवलं की निघतं. दात भाजताना खाचांना चिकटू नयेत म्हणून दोन्हीकडचं ग्लेझ नीट पुसून घ्या.