कमांड सब्स्टिट्यूशन : 'साठवणे' म्हणावं का?

प्रश्न : शेल (टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्रॅम) आणि त्याच्या स्क्रिप्टवर मराठीत टिपणं लिहितोय. कमांडचं आउटपुट व्हेरिएबलमध्ये घेतात त्याला 'आउटपुट साठवणे' म्हटलं तर चालेल का? कमांड सब्स्टिट्यूशनसाठी 'आदेश प्रतिस्थापन' फार जड वाटतं.

उत्तर : 'साठवणे' नको. साठवतं ते बरोबरचं चिन्ह. आज=$(डेट) या ओळीत (डेट ही तारीख छापणारी कमांड) शेल आधी कंसातली कमांड चालवतं आणि तिनं छापलेला मजकूर त्या अख्ख्या कंसाच्या जागी आणून ठेवतं. व्हेरिएबल नसलं तरी हे होतंच, उदाहरणार्थ एको "आज $(डेट)" (एको ही दिलेला मजकूर छापणारी कमांड). तेव्हा 'जागी येणे' हा अर्थ सुटता कामा नये.

'आदेश प्रतिस्थापन'ची अडचण जडपणाची नाही. व्याकरणात एका वर्णाच्या जागी दुसरा येतो त्यालाच आदेश म्हणतात. इति + आदि = इत्यादि, यात इ जाऊन य् येतो तो यणादेश. म्हणजे 'आदेश' हाच शब्द कमांडलाही लागू आणि सब्स्टिट्यूशनलाही! मी 'कमांड' तसाच ठेवीन आणि 'कमांडच्या जागी तिचं आउटपुट येणं' असं सरळ लिहीन.

प्रश्न : जुन्या स्क्रिप्टमध्ये बॅकटिक (` हे उलटं अवतरण) दिसतात, ते हेच ना?

उत्तर : हेच. बॅकटिक बोर्न शेल या जुन्या शेलपासूनचे, $( ) नंतरच्या कॉर्न शेलनं आणलं आणि पुढे पॉझिक्स या युनिक्सच्या मानकातही आलं. एकात एक घालायचं झालं तर बॅकटिकला बॅकस्लॅश लावत बसावं लागतं, म्हणून नव्या टिपणांत $( ) च शिकवा.

आणखी एक : जागी काय येतं, हेही टिपणात नीट सांगा. फक्त स्टँडर्ड आउटपुट, म्हणजे कमांडचं नेहमीचं आउटपुट, येतं. एररचा मजकूर मुद्दाम तिकडे वळवला नाही, तर तो स्क्रीनवरच जातो. आउटपुटच्या शेवटच्या न्यूलाइन (ओळ संपवणारी चिन्हं), कितीही असोत, शेल गाळून टाकतं. मधल्या मात्र राहतात. त्या राहतात हे बऱ्याच जणांना पटत नाही, कारण यादी=$(एलएस) केल्यावर (एलएस फाइलींची नावं देते) एको $यादी लिहिलं की सगळी नावं एकाच ओळीत दिसतात. व्हेरिएबलमध्ये न्यूलाइन शाबूत असतात, पण अवतरण नसल्यामुळे शेल मजकुराचे शब्द तोडतं आणि एको ते एकेका स्पेसनं जोडून छापतो. एको "$यादी" लिहा, ओळी जशाच्या तशा दिसतील. त्यातही नावात चांदणी (*) असली तर अवतरणाशिवाय तिचा फाइलनावांशी मेळ घातला जातो, तो धोका वेगळाच.

प्रश्न : आणि एक्झिट स्टेटस, म्हणजे कमांड यशस्वी झाली की नाही ते सांगणारा आकडा?

उत्तर : साध्या असाइनमेंटनंतर (व्हेरिएबलला = नं मूल्य दिल्यावर) $? या शेवटच्या स्टेटसच्या व्हेरिएबलमध्ये कंसातल्या कमांडचंच स्टेटस मिळतं. पण बॅश या शेलच्या फंक्शनमध्ये लोकल ओळ=$(ग्रेप …) असं एका दमात लिहिलं (लोकल ही व्हेरिएबल फंक्शनपुरतं ठेवणारी कमांड, ग्रेप मजकूर शोधणारी), तर ग्रेपला काही न सापडून १ आला तरी $? मध्ये ० दिसतो, कारण ते स्टेटस लोकलचं असतं. आधी लोकल ओळ, मग खालच्या ओळीत असाइनमेंट, असंच लिहायला शिकवा.