इफ्रेम शे यांच्या घराण्याबद्दल कोणाला माहिती आहे का?

रूळवेडा: मिशिगनमधल्या हार्बर स्प्रिंग्सला चाललोय, तिथे शे लोकोमोटिव्ह हे गिअरवर चालणारं वाफेचं रेल्वे इंजिन शोधणाऱ्या इफ्रेम शे यांचं षट्कोनी घर आहे म्हणे. माणूस मुळात लाकडाच्या धंद्यातला ना? मग इंजिनाकडे कसा वळला? आणि घरच्यांची माहिती कुठे शोधायची?

वाफगाडी: हो, लाकूडवालाच. जन्म १८३९, ओहायोचा, अमेरिकेच्या सिव्हिल वॉरमध्ये (यादवी युद्धात) लढले आणि नंतर मिशिगनमध्ये सॉ मिल टाकली. ओंडके बर्फावरून घसरत न्यायचे म्हणजे धंदा हिवाळ्यापुरताच, म्हणून त्यांनी लाकडी रूळ टाकले, पण साधं इंजिन त्यावर चालवलं की रूळच खराब व्हायचे. मग उभे सिलिंडर एका बाजूला, त्याच बाजूने लांब शाफ्ट आणि गिअरने सगळी चाकं फिरवायची, त्यामुळे वजन वाटलं जातं आणि चढावर पकडही मिळते. पेटंट १८८१ चं, इंजिनं बनवली ओहायोतल्या लायमाच्या कारखान्याने. मला तर हे डोकं अफाट वाटतं!

जुनी_वही: घराण्यासाठी आधी जनगणनेच्या नोंदी बघा, १८५० पासून घरातल्या प्रत्येकाचं नाव असतं, १८८० पासून नातंही. १८९० च्या बहुतेक नोंदी मात्र आगीत गेल्या, तिथे अडू नका. सैन्यात होते म्हणजे वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये सर्व्हिस रेकॉर्ड विचारा, पेन्शनची फाइल निघाली तर लग्न, मुलं सगळं त्यात सापडतं.

वाफगाडी: आणि ते घर नीट बघा हं, भिंतींना नक्षीचे पत्रे ठोकलेत. गावातल्या पोरांसाठी स्लेज (बर्फावरून घसरायच्या गाड्या) बनवून वाटायचे शे, १९१६ मध्ये तिथेच वारले.