‘कृत्रिम साखर’ की ‘संश्लेषित शर्करा’?

अनुवादिका: भाषांतरात अडलेय. प्रयोगशाळेत घडवलेले साखरेचे रेणू सोन्याचा मुलामा दिलेल्या सूक्ष्म चुंबकीय कणांवर बसवतात, त्यांना ई. कोलाय हे जिवाणू चिकटतात आणि नमुन्यात ते आहेत हे कळतं, असा लेख आहे. ‘कृत्रिम साखर’ संपादकांनी खोडलं, वाचकाला सॅकरिन वाटेल म्हणून. ‘संश्लेषित शर्करा’ जड होतंय. काय लिहावं?

प्रयोगवही: खोडलं ते योग्यच. सॅकरिन ही मुळात साखरच नव्हे. इथला रेणू खरा मॅनोज, म्हणजे एक साधी शर्करा असतो. त्याच्या पहिल्या कार्बनला अल्फा बाजूनं (जोडणीच्या दोन दिशा असतात, अल्फा आणि बीटा) एक शेपूट जोडतात आणि तिच्या टोकाचा थायॉल हा गंधकाचा गट सोन्यावर घट्ट बसतो. जोडणी बीटा झाली तर जिवाणूचं फिमएच हे पकड घेणारं प्रथिन त्याला फारसं धरत नाही. ‘घडवलेली शर्करा’ म्हणा.

शब्दवेल्हाळ: साखर, शुगर, सॅकरिन सगळे ‘शर्करा’चेच वंशज, आणि शर्करा म्हणजे मुळात खडे, वाळू. आयुर्वेदात मूत्रमार्गातल्या बारीक खड्यांनाही शर्कराच म्हणतात. मग ‘शर्करा’ शास्त्रीय आणि ‘साखर’ गावठी, हा भेद कशाच्या जोरावर? ‘रक्तातली साखर’ डॉक्टरही म्हणतात.

रसायनी: भेद सोयीचा आहे. साखर म्हटलं की डब्यातलं सुक्रोजच डोळ्यांसमोर येतं. शिवाय अनेकवचन बघा: ‘निरनिराळ्या शर्करा’ सहज जातं, ‘साखरा’ कोण म्हणतं?

शब्दवेल्हाळ: म्हणत नाही म्हणून म्हणायचंच नाही का? वापरानं रुळेल.

प्रयोगवही: माझा आक्षेप ‘साखर जिवाणूंना पकडते’ यातल्या ‘पकडणे’वर आहे. मूठ जिवाणूची असते, साखर हे आमिष. एकट्या मॅनोजवरची पकड सैल, म्हणून एका कणावर शेकडो रेणू दाट बसवतात. एक सुटला तरी बाकीचे धरून असतात. आणि फिमएचची पकड प्रवाहाचा ताण आला की उलट घट्ट होते. धुताना जोर वाढवला की नको ते निघेलच, हे गृहीत धरू नये.

अनुवादिका: मग ‘साखर जिवाणूंना पकडते’ हे चूक?

रसायनी: चूक नाही, अर्धवट आहे. ‘साखरेला धरलेले जिवाणू चुंबकानं ओढून घेतात’ असं लिहा. पण लेखात पडताळा दिलाय का? त्याच नमुन्यात मोकळा मिथाइल मॅनोसाइड (मॅनोजचंच एक रूप) भरपूर घातला की चिकटणं थांबलं पाहिजे. गॅलॅक्टोज ही दुसरी शर्करा घालून थांबता कामा नये. दोन्हींनीही थांबलं नाही तर जिवाणू साखरेला नव्हे, कणाच्या पृष्ठभागाला चिकटलेत. तेव्हा उघडी जागा अल्ब्युमिन या प्रथिनानं झाकून पुन्हा करायचं.

झालरवाला: ज्या तंतूंच्या टोकाला फिमएच असतं त्यांना काय लिहिताय? लॅटिन ‘फिम्ब्रिया’ म्हणजे काठाची झालर. मराठीत झालर असताना ‘रोम’ कशाला?

शब्दवेल्हाळ: झालर कापडाला. ‘रोम’ परवडलं.

प्रयोगवही: नाव काहीही द्या, ती उगवलेली हवी. ३७ अंशांवर न हलवता ठेवलेल्या द्रवात २४ ते ४८ तास वाढवलेत तर भरपूर येतात, आगरच्या घट्ट थरावर बऱ्याचदा कमी. ई. कोलायच्या ओ१५७:एच७ या घातक प्रकारात तर त्यांच्या जनुकांचा चालू-बंद होणारा भाग बंदच अडकलेला असतो. मॅनोजचे कण त्याला हुकतात. लेखात सरसकट ‘घातक ई. कोलाय ओळखतात’ असेल तर लेखकाला विचारा.

अनुवादिका: तसंच लिहिलंय! मूळ इंग्रजीतच आहे. आणि ‘ओळखतात’ की ‘शोधतात’?

रसायनी: ‘शोध लागतो’ नको, पेनिसिलिनचा लागला तसा वाटतो. ‘छडा लागतो’ चालेल. २००४ च्या एका प्रयोगात मॅनोज जोडलेल्या चमकत्या बहुवारिकानं १,००० ते १०,००० पेशींपर्यंत छडा लावला होता.

शब्दवेल्हाळ: छडा चोराचा लागतो. आणि ‘बहुवारिक’ कुणाला कळणार? पॉलिमर म्हणा.

झालरवाला: तेच मी झालरीबद्दल म्हणतोय, कळणारा शब्द घ्या.

प्रयोगवही: नमुना लघवीचा आहे का? तिच्यातल्या युरोमोड्युलिन प्रथिनावर मॅनोजच्याच साखळ्या असतात, फिमएच आधी त्यांनाच धरतं. कण घालण्यापूर्वी पेशी खाली बसवून धुतल्यात, असं लेखात कुठे आहे का?