मदत हवी आहे: पॉवर वाढवली की शनी धूसर का होतो?

मंडळी, जरा मदत हवीय. माझ्याकडे ११४ मिमीचा आरशाचा टेलिस्कोप आहे, मेन आरशाची फोकल लेंग्थ (आरशापासून चित्र जुळतं तिथपर्यंतचं अंतर) ९०० मिमी, म्हणजे २५ मिमीचा आयपीस (डोळा लावून बघायचं भिंग) लावला की ९०० भागिले २५ करून ३६ पट आणि १० च्याने ९० पट, इथवर गणित कळतं आणि शनीची कडीपण सुटी दिसते. पण त्याच १० ला २एक्स बार्लो (पॉवर दुप्पट करणारी लेन्स) जोडली की १८० पट होतं आणि शनी मोठा दिसतो खरा, पण पार मंद, कडा थरथरतात आणि कडी नि गोळा यांच्यातली फट गायबच! आरशाच्या मिमीच्या दुप्पट पॉवर चालते म्हणतात ना, म्हणजे २२८ पर्यंत, मग १८० लाच बोंब का? हवा खराब की आरशांचं अलाइनमेंट गेलंय? ठळक तारा मुद्दाम आउट ऑफ फोकस केला की गोल वर्तुळं दिसतात, पण मधला काळा ठिपका एका बाजूला सरकलाय, त्याचा याच्याशी संबंध असेल का? लेसरशिवाय कोलिमेशन (म्हणजे आरशांचं अलाइनमेंट नीट करणं) जमतं का कुणाला?

आणि हो, तो छोटा तिरका आरसा नळीच्या मधोमध असूनही फोकस केल्यावर चित्रात भोक का दिसत नाही, हे पण कुणीतरी सोप्या भाषेत सांगा प्लीज.