मदत हवी आहे: जीपचं ब्रेक पेडल सकाळी पहिल्यांदा दाबलं की खाली जातंय, पाइपांतली एअर (हवा) काढून काढून वैतागलोय

मंडळी, घरी बांधलेली जीप आहे, महिंद्राची जुनी सीजे थ्रीबी, उंच बॉनेटवाली. चेसिस भंगारातून उचलली आणि बाकी सगळं इथं बडोद्यात दांडिया बाजारातल्या घराच्या अंगणात जमवलं, घरच्यांनी अंगणावर केव्हाच पाणी सोडलंय. मूळची चारही चाकांना ड्रम आणि एकाच सर्किटचा मास्टर सिलेंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा पंप), म्हणजे कुठंही एक पाइप फुटला की चारही ब्रेक गेले, म्हणून दोन सर्किटचा मास्टर घातला, पुढे डिस्क टाकल्या, मागे ड्रमच ठेवले. मास्टरची जागा मात्र तीच जुनी, ड्रायव्हरच्या पायाखाली, फ्लोअरच्या खाली चेसिसला.

आता त्रास असा की एअर काढली की पेडल दगडासारखं कडक, संध्याकाळी फतेहगंजपर्यंत जाऊन आलं तरी मस्त, पण रात्रभर गाडी नुसती उभी राहिली की सकाळी पहिलं पेडल निम्म्याच्या खाली जातं, दोनदा पंप केलं की वर येतं आणि मग दिवसभर काही नाही. ऑइलची लेव्हल कमी होत नाही, कुठं ओल नाही, पेडल दाबून धरलं तर हळूहळू बसतही नाही, म्हणजे मास्टरचे रबर ठीक असावेत. मास्टर बाकावर पकडून आधी भरून घेतला होता, मागचे शू (ड्रमला आतून घासणारे) अॅडजस्ट आहेत, एअर मागच्या डाव्या चाकापासून काढत आलोय. एकदा रात्री पुढचे दोन्ही होज (ब्रेकचे रबरी पाइप) क्लॅम्पनं दाबून ठेवले आणि सकाळी क्लॅम्प काढून मग दाबलं, तर पेडल वरच!

मिस्त्री म्हणतो चालवा, आपोआप बसेल. ब्रेक काय आपोआप बसतात का? दुकानदार डॉट ५ ब्रेक ऑइल टाका म्हणतोय. पावागडला माचीपर्यंत न्यायची आहे, उतरताना असलं पेडल नको. कुणी फ्लोअरखालच्या मास्टरवर डिस्क चालवल्यात का?

उत्तर:
भाऊ, क्लॅम्पनं निम्मं सांगूनच टाकलंय. तुमचे कॅलिपर (डिस्कला पॅडनं पकडणारे) मास्टरपेक्षा वर आहेत, पेडल सोडलं की मास्टरचं बारीक भोक उघडं राहतं आणि ऑइल रात्रभरात स्वतःच्या वजनानं मागं सरकतं, पॅड डिस्कपासून लांब जातात. पुढच्या लाइनला मास्टरजवळ २ पीएसआयचा रेसिड्युअल व्हॉल्व लावा, म्हणजे लाइनमध्ये थोडा दाब धरून ऑइल मागं येऊ न देणारी झडप, तिच्यावरचा बाण चाकाकडे. १० चा ड्रमसाठी असतो, तो पुढे लावलात तर पॅड घासत राहून डिस्क तापतील. दुकानात रंग सांगतील, पण रंगावर जाऊ नका, कोरलेला आकडा बघा. मास्टरच्या मागच्या चाकांकडे जाणाऱ्या आउटलेटमध्ये अशी झडप आधीच असेल तर तिथं दुसरी नको.

त्याआधी एक बघा, कॅलिपरचे एअर काढायचे निपल वरच्या टोकाला आहेत ना? डावा-उजवा उलटा बसला की निपल खाली जातो आणि वरची एअर कितीही पंप करा, निघत नाही. बेअरिंगमध्ये खेळ असला तरी पॅड सरकतात, पण ते गाडी चालवल्यावर, उभ्या गाडीत नाही. आणि डॉट ५ सिलिकॉनचं असतं, डॉट ३-४ मध्ये मिसळू नका. होज मात्र रात्रभर दाबून ठेवत जाऊ नका, आतलं अस्तर चिरतं.

काका, निपल वरच आहेत. मागच्या आउटलेटमध्ये रबरी झडप निघाली, म्हणजे फक्त पुढे २ वाला. मिळाला की परत एअर काढतो. व्हॉल्व जोडायच्या अडॉप्टरचे आटे इंची घ्यावेत का मिलिमीटर? माझ्याकडे दोन्ही मिसळलेत.