एकाच साखळीच्या दोन शाखा, बिल मात्र वेगळं – मदत हवी आहे (सोलापूर)

आसरा_चौक:
नमस्कार मंडळी. सवलतीत विकणाऱ्या एका मोठ्या साखळीच्या दोन शाखा आमच्या घरापासून सारख्याच अंतरावर आहेत. एक वस्तीतली लहान, दुसरी हमरस्त्यावरची मोठी. घरात चार माणसं. महिन्याची यादी साधारण अशी: तूरडाळ ३ किलो, साखर ४ किलो, सोना मसुरी १० किलो, शेंगदाणे २ किलो, सूर्यफूल तेल ५ लिटर, तूप १ लिटर, रवा-पोहे-साबुदाणा, अंगाचे नि भांड्यांचे साबण, कपड्यांची पावडर, बिस्किटं. ज्वारी-गहू यात धरलेले नाहीत.

हीच यादी दोन्हीकडे लावली की बिलात फरक पडतो, आणि दर महिन्याला तो सारखाही नसतो. कधी ही शाखा स्वस्त, कधी ती. रॅकवरच्या पट्टीवर एक भाव नि बिलात दुसरा, असंही होतं. एकीकडे मोठं पाकीट मिळतं, दुसरीकडे त्याच जागी लहान पाकिटं लावलेली. पाटी एकच असताना हे होतं कशानं? कुठली वस्तू कुठून घ्यावी, काउंटरवर काय बघावं, आणि चूक घरी आल्यावर कळली तर काय करावं? नेमकं सांगितलंत तर उपकार होतील.

वजनकाटा:
ताई, भावाआधी पाकीट बघा. दोन शाखांतला बराचसा फरक वजनाचा असतो, भावाचा नंतर. तेल, डाळ, चहा, बिस्किटं ठरावीक वजनातच पॅक करायची असा नियम पूर्वी होता, तो आता राहिलेला नाही. त्यामुळे कंपनी तीच, रंग तोच, पण एका शाखेत आधीच्या खेपेचं पाकीट आणि दुसरीकडे नव्या, कमी वजनाच्या खेपेचं, असं सर्रास असतं.

सगळ्यात जास्त फसगत तेलात होते. १ लिटर खाद्यतेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम. शेजारी ८५० ग्रॅमचं पाउच ठेवलं तर हाताला आणि डोळ्याला फरक कळत नाही. समजा लिटरचं पाउच १४५ रुपयांना आहे आणि ८५० ग्रॅमचं १३८ रुपयांना. दुसरं ७ रुपयांनी स्वस्त वाटतं. किलोचा भाव काढला तर पहिलं १५९ च्या थोडं वर आणि दुसरं १६२ च्या थोडं वर. म्हणजे स्वस्त दिसणारं पाउच किलोमागे ३ रुपये महाग. डब्याचंही हेच. १५ लिटरच्या डब्यात १३ किलो ६५० ग्रॅम तेल असतं, १५ किलोच्या डब्यात पूर्ण १५ किलो. दोन शाखांतल्या डब्यांचे भाव ताडून बघण्याआधी डब्यावर लिटर लिहिलंय की किलो, ते वाचा.

पाकिटावर एमआरपीच्या जवळ दर ग्रॅमचा किंवा दर किलोचा भाव बारीक अक्षरात छापलेला असतो. तो उपयोगी आहे, पण त्यावर विसंबू नका. एक तर तो एमआरपीवरून काढलेला असतो, दुकानाच्या सवलतीच्या भावावरून नाही. दुसरं म्हणजे किलोच्या आतल्या पाकिटावर तो दर ग्रॅमचा असतो आणि दोन दशांशांपर्यंतच छापतात. किलोला १५६ असो की १६४, पाकिटावर ०.१६ रुपयेच दिसणार. फोनवर कॅल्क्युलेटर उघडा, दुकानाचा भाव भागिले ग्रॅम, गुणिले १०००. तेल, तूप, चहा, कपड्यांची पावडर आणि डाळ एवढ्या पाचच वस्तूंचं हे केलं तरी बिलातला बराच फरक उलगडतो. साखरेला गरज पडत नाही, ती बहुधा पूर्ण किलोतच असते.

"१ वर १ मोफत" असेल तिथे दोन्ही पाकिटांवरचं वजन वाचा. मोफतचं पाकीट लहान असू शकतं.

बिलपट्टी:
पट्टीवर एक नि बिलात दुसरा भाव, याचं कारण सांगतो. एकाच बारकोडवर दोन एमआरपीचा माल एकाच वेळी दुकानात असू शकतो. जुनी खेप संपायच्या आत नवी येते. काउंटरवर स्कॅन केलं की पडद्यावर दोन ओळी येतात आणि कॅशियरला पाकीट बघून योग्य ओळ निवडावी लागते. घाईत वरची ओळ दाबली की झालं. लहान शाखेत माल हळू उठतो, म्हणून तिथे जुनी खेप जास्त दिवस राहते. दोन शाखांतला फरक दर महिन्याला बदलतो त्याचं एक मोठं कारण हे.

२२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले, तेव्हापासून दोन एमआरपीच्या मालाकडे विशेष लक्ष द्यावं लागलं. अंगाचा साबण, शाम्पू, टूथपेस्ट, केसांचं तेल आणि बिस्किटं १८ टक्क्यांवरून ५ वर आली, तूप-लोणी १२ वरून ५ वर. कपड्यांची पावडर १८ वरच राहिली. हिशेब असा: १८ चे ५ झाले की १०० रुपयांची एमआरपी साधारण ८९ व्हायला हवी. १२ चे ५ झाले तर १०० ची पावणे चौऱ्याण्णव. ५ नि १० रुपयांच्या पुड्यांत काही कंपन्यांनी किंमत तीच ठेवून ग्रॅम वाढवले. त्यामुळे बिस्किटाच्या दोन पुड्यांवर किंमत सारखी दिसली तरी वजन बघाच.

काउंटरवर एवढंच करा: दोन एमआरपीच्या वस्तू एका ढिगात टाकू नका, वेगळ्या द्या, आणि "याची एमआरपी अमुक आहे" असं आधीच सांगा. बिल हातात आलं की तिथून हलण्याआधी तीन गोष्टी वाचा: नग किती, एमआरपीचा रकाना, आणि तुमचा भाव. दोनदा स्कॅन झालेली वस्तू नगाच्या आकड्यात लगेच सापडते. ट्रॉलीतले नग आधीच मोजलेले असतील तर अर्धं काम झालं.

पूर्व_भाग:
ओ ताई, कुठली वस्तू कुठून, याला माझं उत्तर एकच: जिथे ती वस्तू जास्त उठते तिथून. शाखेत काय ठेवायचं, किती ठेवायचं हे आजूबाजूचं गिऱ्हाईक बघून ठरतं. आमच्याकडे अशोक चौक, कन्ना चौकाच्या बाजूला तेलुगू घरं जास्त, तिथे तांदळाच्या गोण्या आणि चिंच पटापट हलतात. जुळे सोलापूर, विजापूर रोडकडे नोकरदार घरं, तिथे तयार पिठं, ओट्स, लहान मुलांचं सामान. वस्तू हलती असली की तारीख ताजी मिळते. रवा, पोहे, बेसन, शेंगदाणे यांना हे फार लागू आहे. पावसाळ्यात महिनाभर रॅकवर पडलेल्या रव्यात जाळी धरते, मग किलोला चार रुपये कमी असून उपयोग काय?

पाकीट उचलताना रॅकच्या पुढचं उचलू नका. जुना माल पुढे आणि नवा मागे लावायची पद्धत आहे, म्हणून हात मागे घाला. शेंगदाण्याचं पाकीट उजेडाकडे धरून बघा. पाकिटाच्या तळाशी पिवळसर पीठ साचलं असेल तर कीड लागलेली असते. दाण्याची साल सुटून मोकळी झाली असेल तर माल जुना किंवा जास्त हाताळलेला. चटणीला असले दाणे घेऊ नका, शेंगा चटणी चार दिवसांत खवट लागते.

तांदळाच्या गोणीबद्दल एक. २५ किलोपर्यंतच्या पॅक केलेल्या, छापील नावाच्या तांदळावर १८ जुलै २०२२ पासून ५ टक्के जीएसटी आहे, त्याच्या वरच्या वजनाला नाही. म्हणून बाजारात २६ किलोच्या गोण्या आल्या. एका शाखेत २५ ची आणि दुसरीकडे २६ ची असेल तर आकडा बघून दचकू नका, किलोवर भागा.

वेळ: १ ते १० तारीख आणि रविवारची संध्याकाळ टाळा. गर्दीत रॅक अर्धे रिकामे होतात, पट्ट्या आणि माल यांची सरमिसळ होते. महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात, कामाच्या दिवशी सकाळी उघडल्या उघडल्या गेलात तर रात्री लावलेला माल जागच्या जागी मिळतो.

आसरा_चौक:
फारच उपयोगी माहिती, आभार. दोन शंका. काही पाकिटांवर छापील एमआरपीवर वेगळं स्टिकर असतं, ते चालतं का? आणि सुटी डाळ, सुटा भाजीपाला दुकानातच वजन करून लेबल लावून मिळतो, त्यात काय बघायचं?

वजनकाटा:
स्टिकर लावून किंमत कमी करता येते, आणि तेही मूळ छापील एमआरपी झाकता कामा नये. वाढवून लावलेलं स्टिकर नियमात बसत नाही. जुनी किंमत खरवडलेली किंवा पूर्ण झाकलेली असेल तर ते पाकीट घेऊ नका, फोटो काढून ठेवा.

सुट्या मालात दोन चुका होतात. पहिली, पिशवीचं किंवा ट्रेचं वजन वजा न करता काट्यावर ठेवणं. रिकाम्या काट्यावर शून्य दिसतंय ना आणि पिशवी ठेवल्यावर ती वजा केली ना, हे बघा. दुसरी, चुकीचा कोड दाबणं. तूरडाळीचे दोन दर्जे शेजारी असतात, लेबलवर महागाचं नाव येतं. लेबलवरचं नाव, दर आणि वजन तिथेच वाचा, काउंटरवर गेल्यावर पुन्हा वजन होत नाही. इलेक्ट्रॉनिक काट्याची वैधमापन खात्याकडून (लोक त्याला वजनमापे खातं म्हणतात) दर वर्षी पडताळणी होऊन शिक्का मारला जातो. त्याचं प्रमाणपत्र दुकानात लावलेलं असायला हवं.

मधला_मारुती:
थोडा वेगळा मुद्दा मांडतो. मोठी शाखा म्हणजे स्वस्त, हा समज काढून टाका. तिथे मोठी पाकिटं मिळतात, हे खरं. पण चार माणसांना २ लिटर शाम्पू किंवा ५ किलो बेसन लागतं का? एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा चाळिशीच्या वर जातो. उघडलेलं बेसन, रवा, सुकं खोबरं त्या उकाड्यात टिकत नाही. उन्हाळ्यात अर्धा-अर्धा किलो घ्या, वस्तीतली शाखा त्याला बरी. मोठ्या शाखेतून साबण, पावडर, फिनेल, साखर, मीठ असं न नासणारं घ्या, आणि ते दोन महिन्यांचं एकदम घ्या म्हणजे जाण्यायेण्याचं पेट्रोल वसूल होतं.

चॉकलेट, लोणी या दिवसांत कुठल्याही शाखेतून घेताना शेवटी घ्या. चॉकलेटवर पांढरट थर दिसला तर ते एकदा वितळून पुन्हा घट्ट झालेलं असू शकतं.

वर ज्वारी यादीत नाही म्हटलंत ते बरोबर केलंत. मालदांडी पाकिटातून घेण्यात अर्थ नाही, फेब्रुवारी-मार्चमध्ये नवी ज्वारी बाजारात उतरली की एकदम वर्षाची भरावी.

बिलपट्टी:
आता परतीचं. बिलावर खाली परतीची मुदत आणि अटी छापलेल्या असतात, त्या आधी वाचा. बऱ्याचदा ज्या शाखेचं बिल, तिथेच वस्तू परत घेतात. दुसऱ्या शाखेच्या नोंदीत तो माल त्यांच्या साठ्यातला नसतो, म्हणून तिथे वाद घालण्यात वेळ जातो. शक्यतो त्याच शाखेत जा.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे दोष असलेली वस्तू बिलात दिलेल्या मुदतीत परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा धरतात, आणि मुदत छापलेलीच नसेल तर ३० दिवस धरतात. बिल न देणंही त्याच यादीत येतं. हे दोष असलेल्या मालाचं झालं. आवडलं नाही म्हणून परत, हे दुकानाच्या मर्जीवर. बिलासाठी मोबाइल नंबर देणं सक्तीचं नाही, हेही लक्षात असू द्या.

बिलाचा कागद उष्णतेवर छापणारा असतो, पर्समध्ये महिनाभरात पुसट होतो. पार्किंगमध्येच फोटो काढा.

ऐकलं नाही तर क्रम असा: आधी शाखेच्या व्यवस्थापकाकडे लेखी, मग साखळीच्या ग्राहक सेवेला मेल, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे मराठीत बोलता येतं. बिल, पट्टीचा फोटो, पाकिटावरच्या एमआरपीचा फोटो, तारीख आणि वेळ हाताशी ठेवा. त्यानंतरही काही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्क नाही, तक्रार करायला २ वर्षांची मुदत आहे आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते. एमआरपीपेक्षा जास्त घेतले किंवा वजन कमी भरलं तर जिल्ह्याच्या वैधमापन निरीक्षकांकडे जा.

आसरा_चौक:
घरच्या काट्यावर डाळीचं पाकीट कमी भरलं तर फोडून वजन केलेलं चालेल का?

वजनकाटा:
फोडू नका, ताई. फोडलं की पुरावा गेला. बंद पाकिटाचं वजन करा आणि त्याच मापाच्या रिकाम्या पाकिटाचं वजन त्यातून वजा करा. ५०० ग्रॅमपासून १ किलोपर्यंतच्या पाकिटात १५ ग्रॅमपर्यंतची तूट नियमात चालते, ५ किलोच्या पाकिटात दीड टक्का म्हणजे ७५ ग्रॅम. पण एका खेपेतल्या पाकिटांची सरासरी छापील वजनाखाली जाता कामा नये. त्यामुळे एका पाकिटावर १० ग्रॅम कमी आलं तर तक्रार टिकत नाही. त्याच बॅच नंबरची चार-पाच पाकिटं दुकानातल्याच काट्यावर ठेवून बघा. सगळीच कमी भरली तर बॅच नंबर आणि पॅकिंगचा महिना टिपा, आणि एक बंद पाकीट बिलासकट निरीक्षकांकडे न्या. घरच्या स्वयंपाकाच्या काट्याचा आकडा तिथे धरत नाहीत.